शिर्डीसारख्या सौर तबकड्यांवर चुनखडी भाजता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: दिवसाला साधारण दोन टन चुनखडी भाजणारी लहान उभी भट्टी आहे आणि कोळसा परवडेनासा झाला आहे. शिर्डीच्या प्रसादालयावर आहेत तशा १६ चौरस मीटरच्या शेफलर तबकड्या (ऊन एका जागी एकवटणाऱ्या आरशांच्या तबकड्या) लावून भट्टीचे ९०० अंश मिळतील का? किती तबकड्या लागतील? आणि ते जमत नसेल तर भट्टीत जाणारी हवा किंवा दगड तरी उन्हावर आधी तापवून कोळसा वाचेल का?

आधी उत्तरं सांगतो. त्या तबकडीवर ९०० अंश मिळणार नाहीत. वेगळ्या घडणीच्या, जास्त अचूक आरशांनी मिळतात, पण दोन टन दगडासाठी सुमारे १,२०० चौरस मीटर आरसे लागतील. हवा किंवा दगड आधी तापवून उभ्या भट्टीत जवळजवळ काहीच वाचत नाही. मात्र त्याच तबकडीवर करण्याजोगं एक काम तुमच्या धंद्याच्या अगदी शेजारी आहे, ते शेवटी सांगतो.

सौर उष्णतेबद्दल बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो 'किती अंश मिळतात?' भट्टीवाल्याने विचारायचा प्रश्न दुसरा आहे: 'त्या तापमानाला किती किलोवॉट उरतात, आणि किती तास?' फोकसमध्ये लाकूड पेटलं, पत्र्याला भोक पडलं, म्हणजे भट्टी चालेल असं होत नाही. पत्र्याला भोक पाडायला क्षणभराची उष्णता पुरते. चुनखडीला ती तासन्‌तास पाजावी लागते.

शेफलर तबकडीचा हिशोब करू. १६ चौरस मीटर हे आरशाचं क्षेत्रफळ आहे, उन्हासमोर येणारं नाही. ही तबकडी पॅराबोलाचा (ऊन एका बिंदूत एकवटणाऱ्या वाडग्यासारख्या आकाराचा) बाजूचा तुकडा असल्यामुळे सूर्याला ती तिरपी दिसते. मार्च-सप्टेंबरच्या विषुवदिनांना सुमारे ११.७ चौरस मीटर कामाला येतात, हिवाळ्यात साडेतेरापर्यंत, आणि जूनमध्ये सव्वानऊपर्यंत उतरतात. स्वच्छ दुपारी थेट ऊन दर चौरस मीटरला ८०० वॉट धरलं तर ११.७ चौरस मीटरवर ९.४ किलोवॉट पडतात. आरसा ८८ टक्के परावर्तित करतो आणि त्यातला ८० टक्के प्रकाश ४० सेंटिमीटर व्यासाच्या रिसीव्हरवर, म्हणजे फोकसला ऊन झेलणाऱ्या भांड्याच्या तोंडावर, नेमका पोचतो असं धरा. हाती येतात ६.६ किलोवॉट. ४० सेंटिमीटरच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ०.१२६ चौरस मीटर, म्हणजे रिसीव्हरवर दर चौरस मीटरला ५२ किलोवॉट.

आता उलट बाजू पाहा. तापलेली वस्तू स्वतः किरण बाहेर फेकते, आणि ते प्रमाण केल्व्हिन तापमानाच्या (सेल्सिअस अधिक २७३) चौथ्या घातानं वाढतं. त्याच ४० सेंटिमीटरच्या तोंडातून ४०० अंश सेल्सिअसला दीड किलोवॉट परत जातो. ६०० अंशांना ४.१ किलोवॉट जातो. ९०० अंशांना दर चौरस मीटरला १०७ किलोवॉट, म्हणजे एकूण साडेतेरा किलोवॉट बाहेर पडायला हवेत, आणि आत येतात फक्त ६.६. म्हणून ही तबकडी रिकामा रिसीव्हरसुद्धा सुमारे ७०० अंशांच्या पुढे नेऊ शकत नाही. त्या ७०० अंशांना तिच्याकडून मिळणारी उपयोगी उष्णता शून्य असते. वाऱ्यानं होणारा तोटा तर यात धरलेलाच नाही. चार तबकड्यांचे फोकस शेजारी-शेजारी ठेवले तरी फरक पडत नाही, कारण जागाही चौपट होते. फक्त सगळ्यांचे झोत एकाच ४० सेंटिमीटरच्या तोंडात घालता आले तर तापमान वाढेल, आणि या तबकडीच्या मांडणीत ते व्यवहारात जमत नाही.

यात तबकडीचा दोष नाही. वोल्फगांग शेफलर यांनी ती १९८०च्या दशकात स्वयंपाकासाठी आणि वाफेसाठी घडवली. फोकस जागेवर स्थिर राहावा आणि गावातल्या लोहाराला ती बांधता यावी हा तिचा हेतू. शिर्डीच्या ७३ तबकड्या वाफेवर अन्न शिजवतात आणि ते काम त्या उत्तम करतात. लातूरच्या महानंद डेअरीत बसवलेली 'अरुण' ही मोठी तबकडी दुधाच्या पाश्चरीकरणासाठी होती. अबू रोडला ब्रह्माकुमारींच्या 'इंडिया वन' प्रकल्पात ६० चौरस मीटरच्या ७७० तबकड्या आहेत आणि तिथे बिडाच्या गोळ्यात उष्णता साठवतात. ही सगळी कामं ४५० अंशांच्या आतली आहेत.

चुनखडीला काय लागतं ते बघू. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटच्या दर किलोला विघटनासाठी १.७८ मेगाज्यूल लागतात. दगड २५ अंशांवरून ९०० अंशांवर न्यायला आणखी साधारण १ मेगाज्यूल. म्हणजे बाहेर जाणारी उष्णता परत पकडली नाही तर किलोला पावणेतीन मेगाज्यूल. भोवती निव्वळ कार्बन डायऑक्साइड असेल तर विघटन सुमारे ९०० अंशांना जोर धरतं. गरम हवा सोडून तो वायू हटवत राहिलात तर कमी तापमानालाही चालतं: ८५० अंशांना समतोलाचा दाब (भोवतीच्या कार्बन डायऑक्साइडचा ज्या दाबाला विघटन थांबतं तो) निम्मा वातावरण असतो, ८०० अंशांना एक पंचमांशाच्या जरा वर. पण तापमान उतरलं की वेग फार मंदावतो. व्यवहारात भट्टीची पोकळी, म्हणजे दगड तापतो ती आतली जागा, ९५० अंशांवर धरावी, हे माझं मत. १,१०० च्या वर जाऊ देऊ नये. तिथे चुन्याचे कण एकमेकांना चिकटून घट्ट होतात, आणि असा चुना पाण्यात टाकल्यावर लवकर फुलत नाही. गिलाव्यात गेला तर महिन्यांनी फुलून फोड आणतो.

९०० अंशांना येणाऱ्या उष्णतेतला तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी भाग परत जावा असं वाटत असेल, तर तोंडावर दर चौरस मीटरला साडेतीनशे किलोवॉट पोचायला हवेत. आरशांचे तोटे धरता म्हणजे ५५० ते ६०० पट एकाग्रता, तीही सरासरी. शेफलरची सरासरी शंभराच्या आत आहे. यासाठी खरा पूर्ण पॅराबोला लागतो, किंवा मनोरा आणि जमिनीवर हलणाऱ्या आरशांचं शेत.

जगात हे झालेलं आहे. फ्रान्समधल्या ओदेइयोच्या सौरभट्टीत ६३ हलते आरसे ऊन एका प्रचंड पॅराबोलावर फेकतात. १८ मीटरवरच्या फोकसमध्ये एक मेगावॉट जमतो आणि ३,००० अंश ओलांडता येतात. उझबेकिस्तानात ताश्कंदजवळ पार्केंटला जवळपास तशीच दुसरी आहे. दोन्ही मुख्यतः पदार्थांच्या चाचण्यांसाठी वापरतात, टनांनी माल काढण्यासाठी नाही. चुन्यासाठी जास्त बोधक काम स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेचं आहे. तिथे १० किलोवॉटच्या फिरत्या भट्टीत काही मिलिमीटरचे चुनखडीचे दाणे भाजून ९८ टक्क्यांवर विघटन मिळालं आणि उष्णतेची कार्यक्षमता ३० ते ३५ टक्के होती. युरोपच्या सोलपार्ट प्रकल्पात बारीक भुकटीवर ८०० ते १,००० अंशांत काम झालं. २०२२ मध्ये सिमेंट कंपनी सेमेक्स आणि सौर तंत्रज्ञानाची कंपनी सिनहेलियन यांनी माद्रिदजवळच्या मनोऱ्यावर सौर उष्णतेनं सिमेंटचा क्लिंकर (दळण्याआधीचे भाजलेले खडे) करून दाखवला. थोडक्यात, रसायनशास्त्राची अडचण नाही. अडचण आहे ती आरशांच्या क्षेत्रफळाची आणि उन्हाच्या लहरीची.

तुमच्या दोन टनांचा हिशोब ३३ टक्के कार्यक्षमतेनं करतो. विघटनाची उष्णता ३,५६० मेगाज्यूल, म्हणजे ९९० युनिट (किलोवॉट-तास). भट्टीच्या तोंडातून आत जायला हवेत ३,००० युनिट. महाराष्ट्रात थेट ऊन वर्षाच्या सरासरीनं दिवसाला दर चौरस मीटरमागे ४ ते ५ युनिट. साडेचार धरू. आरशांतून पोचतात त्यातले तीन चतुर्थांश. सकाळ-संध्याकाळचं आणि धुरकट ऊन तोटासुद्धा भरून काढत नाही म्हणून आणखी एक चतुर्थांश वजा. उरतात अडीच युनिट. ३,००० भागिले अडीच म्हणजे १,२०० चौरस मीटर आरसा. एकमेकांवर सावली पडू नये म्हणून त्याच्या तिप्पट-चौपट जागा, साधारण एक एकर. यातून १.१ टन कळीचा चुना निघेल. बऱ्यापैकी चालणारी भट्टी तेवढ्या चुन्याला सव्वादोनशे किलो चांगला कोळसा घेते. आणि जून ते सप्टेंबर हे सगळं जवळपास बंद, म्हणजे कोळशाची भट्टी मोडता येत नाहीच.

इथे एका आकड्यापासून सावध राहा. सौर पॅनेल विकणारे 'दिवसाला साडेपाच युनिट ऊन' सांगतात ते एकूण ऊन असतं, त्यात आकाशातून विखरून येणारा उजेडही धरलेला असतो. आरसा विखुरलेला उजेड एकवटू शकत नाही. मे महिन्यात अंगाची लाही होते, पण हवेत धूळ आणि बाष्प असल्यामुळे थेट ऊन फेब्रुवारीपेक्षा कमी असतं. तुमच्या जागेचं थेट ऊन पायरहेलिओमीटरनं मोजलेलं असलं पाहिजे, किंवा निदान उपग्रहावरून काढलेला थेट उन्हाचाच आकडा वापरा.

हवा किंवा दगड आधी तापवण्याबद्दल. हा विचार सगळ्यांना सुचतो आणि सगळ्यात फसवा आहे. उभ्या भट्टीत खालून येणारी हवा उतरत्या गरम चुन्यातून जाते आणि आपोआप तापते. वर दगड धुरातून तापत येतो. भाजण्याच्या पट्ट्यातून वर निघणाऱ्या वायूत दगडाला ९०० अंशांपर्यंत न्यायला लागते त्यापेक्षा जास्त उष्णता असते. म्हणजे ९०० अंशांच्या खालची उष्णता तुमच्या भट्टीत आधीच उतू चालली आहे. तिथे सौर तबकडीची आणखी ३०० अंशांची उष्णता घातली तर धुराड्याचं तापमान वाढेल, कोळसा जवळजवळ तेवढाच जळेल. भट्टीला तुटवडा आहे तो फक्त ९०० च्या वरच्या उष्णतेचा. कोणत्याही कारखान्यात सौर उष्णता जोडण्याआधी हे तपासावं: कुठल्या तापमानाची उष्णता कमी पडते, आणि कुठली वाया जाते. दगडाचे आकार सारखे चाळून घेणं, कोळसा नीट मिसळणं आणि चुना थंड होऊनच खालून बाहेर पडेल असा काढणीचा वेग ठेवणं, एवढ्यानं त्याच भट्टीत आरशांपेक्षा लवकर आणि स्वस्तात कोळसा वाचतो.

तरीही उन्हावर चुना करून बघायचाच असेल, तर चाचणी किती मोठी असावी ते सांगतो. १२ चौरस मीटरचा पूर्ण पॅराबोला, व्यास ३.९ मीटर, फोकसचं अंतर सुमारे २.३५ मीटर. फोकसला विटेची नाही तर सिरॅमिक फायबरची पोकळी, तिचं तोंड १५ सेंटिमीटर. ८०० वॉटच्या उन्हात तोंडातून ७.२ किलोवॉट आत जातात. ९५० अंशांना किरणांनी २.२ किलोवॉट परत जातात, भिंतींतून साधारण एक. उरतात ४ किलोवॉट, म्हणजे तासाला पाच किलो दगड. तापायचा वेळ सोडून साडेचार तास मिळाले तर दिवसाला २३ किलो दगड, १३ किलो चुना. ही चाचणी शिकण्यासाठी आहे, विक्रीसाठी नाही.

याच आकड्यांतून आणखी एक गोष्ट निघते: एकूण तोटा ३.२ किलोवॉट आहे, तेव्हा थेट ऊन ३६० वॉटच्या खाली असेल तर आत येतं त्याहून जास्त बाहेर जातं. त्या वेळी तोंड उघडं ठेवणं म्हणजे भट्टी थंड करणं.

आरशांची अचूकता कशी ठरते? सूर्य आकाशात सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणून फोकसच्या अंतराला ०.००९३ नं गुणलं की त्याच्या प्रतिमेचा व्यास येतो. इथे तो २२ मिलिमीटर. सपाट आरशाचा तुकडा स्वतःच्या रुंदीएवढी भर घालतो, तेव्हा ६० मिलिमीटरच्या तुकड्याची प्रतिमा ८० च्या आसपास होते. तुकडे याहून मोठे घेऊ नका. असे साधारण ३,३०० तुकडे चिकटवावे लागतील. सांगाड्याचा उतार मीटरमागे चार मिलिमीटरपेक्षा जास्त चुकता कामा नये, कारण आरशाचा कोन जितका चुकतो त्याच्या दुप्पट किरण चुकतो. साध्या ४ मिलिमीटरच्या काचेत लोह जास्त असल्यामुळे परावर्तन ८५ टक्क्यांच्या आसपास राहतं. कमी लोहाच्या पातळ काचेला ९३ पर्यंत मिळतं. जुळवणी दिवसा करू नका. पौर्णिमेच्या चंद्राचा आकार आकाशात सूर्याएवढाच दिसतो, म्हणून चांदण्यात फोकसला पांढरा बोर्ड धरून प्रतिमा बघता येते, एकेक तुकडा झाकून चुकार तुकडे शोधता येतात, आणि काही जळत नाही.

पोकळीचं वजन हा दुसरा निर्णय. कोळशाच्या भट्टीत जाड विटा चांगल्या, कारण ती आठवडेच्या आठवडे विझत नाही. सौरभट्टी रोज सकाळी थंड असते. आत ४० किलो वीट असेल तर तिला ९०० अंशांना न्यायला ३६ मेगाज्यूल लागतात, म्हणजे दुपारचे दोन तास गेले. १० किलो फायबर असेल तर अर्धा तास. उलट ढग आला की हलकी पोकळी मिनिटाला १५ ते २० अंशांनी उतरते, जड पोकळी पाचेक अंशांनी. आमच्याकडचा हिवाळा-उन्हाळा बऱ्यापैकी निरभ्र असतो म्हणून मी हलकी पोकळी घेईन आणि ढगांसाठी तोंडावर फायबर बोर्डचं सरकतं झाकण देईन. झाकण लागलं की दोन तृतीयांश तोटा थांबतो. चुन्याला लागणारा पृष्ठभाग मात्र उच्च ॲल्युमिनाचा असावा. चुना गरम असताना सिलिकाला खातो, आणि साध्या फायबरचा पृष्ठभाग हळूहळू चुरा होऊन चुन्यात मिसळतो.

दगडाचा आकार १ ते ५ मिलिमीटर. उभ्या भट्टीतला मूठभर मोठा गोटा इथे चालत नाही. विघटन बाहेरून आत सरकतं, तयार झालेला चुन्याचा थर उष्णता आत जाऊ देत नाही, आणि ऊन तर पाच-सहा तासच आहे. गोटा बाहेरून जास्त भाजलेला आणि आत कच्चा निघतो. बारीक दाणाही ढवळला नाही तर हेच होतं, कारण फोकसच्या मध्यावर उन्हाचा जोर सरासरीच्या दुप्पट-तिप्पट असतो. म्हणून पोकळी आडवी फिरती ठेवा, मिनिटाला दोन-चार फेरे पुरतात. आतून पाती द्या, म्हणजे दाणा उलटत राहील. पहाटेच्या दवानं ओला झालेला दगड थेट आत टाकू नका, तडतडून फुटतो आणि धूळ करतो.

धूळ ही या भट्टीची मोठी शत्रू आहे. तोंडाला क्वार्ट्झची काच लावली तर वाऱ्याचा तोटा थांबतो खरा, पण चुन्याची धूळ काचेवर बसली की तो ठिपका ऊन शोषतो, तापतो आणि काच तिथून तडकते. हाताच्या घामातले क्षारही गरम क्वार्ट्झ पांढरी पाडायला पुरतात, म्हणून ती उघड्या हातानं धरत नाहीत. लहान चाचणीत काच न लावता तोंड खाली झुकलेलं ठेवावं. गरम हवा पोकळीत वर अडकून राहते आणि तोटा पुष्कळ कमी होतो.

आरशांवर बसणारी धूळ त्याहून वाईट. कोरड्या दिवसांत साध्या मातीनंही परावर्तन रोज अर्धा ते एक टक्का उतरतं. चुनाभट्टीच्या आवारात चुन्याची भुकटी बसते, रात्री दव पडतं, आणि सकाळपर्यंत हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं तिचा पातळ, चिवट थर होतो. तो पाण्यानं निघत नाही. सौम्य सायट्रिक ॲसिडनं निघतो, पण आरशाची कड उघडी असेल तर तेच ॲसिड मागच्या चांदीत शिरतं आणि काळे डाग आत सरकत येतात. म्हणून आरसे वाऱ्याच्या वरच्या बाजूला, भट्टीपासून शक्य तितके लांब. कडा आधीच सीलंटनं बंद. धुण्यासाठी आरओचं पाणी, कारण बोअरच्या पाण्याचे क्षार उरतात. रात्री तबकडी तोंड खाली करून ठेवा, दव आणि धूळ दोन्ही टळतात.

तापमान मोजताना बहुतेकांची फसगत होते. थर्मोकपलवर (तापमान मोजणाऱ्या तारेवर) झोताचं ऊन थेट पडलं तर तो स्वतःचं तापमान दाखवतो, मालाचं नाही. शंभर-दोनशे अंश जास्त दिसणं सहज होतं. त्याला सिरॅमिक नळीची आड द्या आणि टोक मालात बुडालेलं ठेवा. के प्रकार हजार अंशांजवळ रोज वापरला की हळूहळू चुकायला लागतो, एन प्रकार घ्या. साधी इन्फ्रारेड बंदूक परावर्तित ऊनही मोजते. ८ ते १४ मायक्रॉनची असेल तर उन्हाचा त्रास कमी, पण ती क्वार्ट्झच्या काचेतून आरपार बघू शकत नाही.

ढग आला तर काय करायचं हे आधी ठरवून ठेवा. पोकळी ८०० च्या खाली उतरली आणि आत कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असेल, तर तयार चुना तोच वायू परत शोषून पुन्हा चुनखडी होऊ लागतो. झाकण लावतानाच थोडी कोरडी हवा आत सोडून वायू बाहेर काढा. संध्याकाळी बंद करतानाही तसंच. आणि हा वायू शेडमध्ये साचू देऊ नका. टन दगडातून ४४० किलो निघतो, तो हवेपेक्षा जड असतो आणि खड्ड्यात बसतो. (म्हणूनच सौर चुना 'शून्य कार्बन' नसतो. इंधनाचा धूर जातो, दगडातला वायू राहतोच.)

वीज गेली आणि ट्रॅकिंग (तबकडी सूर्यामागे फिरवणं) थांबलं तर सूर्य मिनिटाला पाव अंश सरकतो. २.३५ मीटरच्या फोकसवर झोत मिनिटाला एक सेंटिमीटर सरकतो आणि पोकळीच्या तोंडाची कड, वायरी, लोखंडी दांडा जाळत जातो. तोंडाभोवती हातभर रुंद फायबरची ढाल हवीच. तबकडीचा तोल असा ठेवा की मोटरचा ब्रेक सुटला की ती वजनानं उन्हातून बाजूला झुकेल. बॅटरीवर विसंबलात तर ती महिन्यातून एकदा मुद्दाम वीज तोडून तपासा. फोकसकडे बघायला वेल्डिंगची काळी काच लागते, साधा गॉगल नाही. आरसे पुसताना, जुळवताना तबकडी उन्हापासून वळवलेली असली पाहिजे.

आता ते शेजारचं काम: जिप्समपासून प्लॅस्टर. जिप्सम १२० ते १६० अंशांना आपलं दीड रेणू पाणी सोडतं आणि प्लॅस्टर ऑफ पॅरिस होतं. विघटन आणि तापवणं मिळून किलोला सुमारे ०.६२ मेगाज्यूल पुरतात, चुनखडीच्या चौथ्या हिश्शाहून कमी. आणि ज्या तापमानाला शेफलर तबकडी सर्वांत चांगली चालते तेच हे तापमान आहे. तोंडावर ६.६ किलोवॉट, त्यातले रिसीव्हर, पाइप आणि भांड्याचे तोटे जाता साडेचार किलोवॉट मालात. पाच तासांच्या चांगल्या उन्हात एका तबकडीवर सव्वाशे किलो जिप्सम होतं. राजस्थानातून येणारा दगड मिळतो, आणि चुनखडीसाठी असलेला क्रशर, चाळणी, पोती भरायची सोय तुमच्याकडे आहेच.

मांडणी अशी: फोकसला थर्मिक तेलाची (उष्णता वाहून नेणाऱ्या तेलाची) कॉइल, तिथून तेल २०० अंशांनी एका दुहेरी भिंतीच्या ढवळत्या कढईला. झोत थेट कढईवर सोडू नका. भिंतीला लागलेलं जिप्सम २०० च्या पुढे जातं, त्यातलं उरलंसुरलं पाणीही जातं, आणि मग प्लॅस्टर पाण्यात कालवताच आवळतं. साडेतीनशेच्या पुढे गेलेला भाग तर धरतच नाही. तेल मध्ये असलं की ही मर्यादा आपोआप राहते. तेल २०० अंशांनी तापलं की १५ ते २० टक्के फुगतं, म्हणून वरची टाकी एकूण तेलाच्या चतुर्थांशाहून मोठी ठेवा. सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे तबकडी फोकसवर असताना पंप बंद पडणं. थांबलेलं तेल कॉइलमध्ये काही मिनिटांत करपून कोळशासारखं चिकटतं आणि नळी चोंदते. सुरू करताना आधी पंप, मग तबकडी उन्हात. बंद करताना आधी तबकडी बाहेर, मग पंधरा-वीस मिनिटांनी पंप. पंपाला स्वतंत्र इन्व्हर्टर, आणि प्रवाह थांबताच तबकडी बाजूला नेणारा फ्लो-स्विच.

जिप्सम आधी अंगणात पसरून नुसत्या उन्हात सुकवा. दहा टक्के ओल असेल तर किलोमागे पाव मेगाज्यूल ती ओल उडवण्यातच जाते, म्हणजे आरशांनी मिळवलेल्या उष्णतेचा मोठा हिस्सा. ओल दोन टक्क्यांच्या आत आणा, मग दळून ढवळत्या कढईत भरा. तेल गरम होत असताना भुकटी उकळत्या दुधासारखी वर येते, ती वाफ आहे. कढई निम्म्याहून जास्त भरू नका आणि झाकणाला वाफेची वाट ठेवा, नाहीतर वाफ थंड भागावर पाणी होऊन परत मालात ठिबकते आणि गाठी होतात. उकळी शांत झाली आणि मालाचं तापमान १६० कडे चढू लागलं की काढायचं.

झालं का ते ठरवायला तराजू पुरतो. शुद्ध जिप्सम १०० किलोचं ८४ किलो होतं. तुमचा दगड ८० टक्के शुद्ध असेल तर साडेसत्त्याऐंशीच्या आसपास थांबेल. अशा दगडाचं वजन ९० किलोवर थांबलं तर माल कच्चा, ८५ च्या खाली गेलं तर जास्त भाजलेला. नंतर मूठभर प्लॅस्टर पाण्यात कालवून वडी थापा. दोन-तीन मिनिटांतच आवळत असेल, तर माल पातळ पसरून एक-दोन दिवस सावलीत उघडा ठेवा. हवेतली थोडी ओल घेऊन तो ताळ्यावर येतो, आणि मगच पोत्यात भरा.